पुडीचा गुण

तिच्या डोक्यात कायम एक कंगवा खोवलेला असायचा, म्हणून गल्लीने तिचं नाव कंगवाताई पाडलं होतं. खरं नाव सांगायची वेळ आली तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर थांबावं लागे. केस कापायचं तिचं दुकान होतं, तेही एवढंसं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, डोकं धुवायचं बेसिन आणि दाराशी वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं.

केस कापणं हे तिचं काम, आणि खुर्चीत बसलेल्या बाईचं काम सल्ला देणं. गळ्याभोवती कापड बांधलं, डोकं ओलं केलं, चष्मा काढून बाजूला ठेवला, की माणसाला दुसरं करण्यासारखं उरतच नाही. हात कापडाखाली अडकलेले आणि समोर आरशात स्वतःचा भिजलेला अवतार. मग तोंड सुरू होतं. कोणी सुनेबद्दल बोलतं, कोणी वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्याबद्दल. पण कंगवाताईच्या दुकानात सगळ्या बोलण्याची गाडी फिरून फिरून तिच्या दुखण्यावर यायची, कारण दुखणंच तिला असं लाभलं होतं की कोणीही यावं आणि त्यावर बोलावं.

दुखायचं सगळंच. म्हणजे एकदम सगळं नाही. आज उजवा खांदा, उद्या कंबर, परवा अंगठ्याचं मूळ, आणि मग एखाद्या दिवशी काहीच नाही, की तिलाच वाटावं, आपण इतके दिवस सोंग तर करत नव्हतो? सकाळी उठताना अंग असं आंबलेलं असायचं की रात्री ही झोपली होती की कुठे ओझी वाहायला गेली होती, ते कळू नये. धंदा तर दिवसभर हात वर धरण्याचा. केस वाळवायचं मशीन उचललं की खांद्यातून कळ निघे, आणि तोंडातून आवाज निघालाच तर गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून ती मशीन आणखी जोरात करी. तिला भीती एकाच गोष्टीची होती. एक दिवस हे हात वर जायचेच थांबतील. हात थांबले की दुकान बंद, आणि दुकान बंद झाल्यावर घरात बसलेली आपण नेमकी कोण असणार, हे तिला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस, पण धंद्याने त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली होती. बिघाड आहे म्हणजे तो कुठेतरी आहे, आणि कुठेतरी आहे म्हणजे शोधला की सापडणार. त्यामुळे शोध जोरात झाला. रक्त तपासून झालं, हाडांचे फोटो काढून झाले, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये आडवं पडूनही झालं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सगळं नॉर्मल.

“नॉर्मल म्हणजे चांगलंच ना?” नवरा विचारायचा.

“अहो, सगळं नॉर्मल आहे तर मग दुखतंय कोणाला?” ती विचारायची.

यावर नवरा रिपोर्ट उलटा धरून मागेही काही छापलंय का ते बघायचा.

शेवटी जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी त्याला नाव दिलं. त्यांनी जागोजागी दाबून पाहिलं, झोपेबद्दल खोदून खोदून विचारलं, आणि म्हणाल्या, “याला फायब्रोमायल्जिया म्हणतात.” नाव एवढं मोठं की घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं वाटेत सांडलं. नवरा मात्र खूश झाला. नाव कळलं म्हणजे आता पार्ट मिळेल, असा त्याचा समज. पण मॅडम काहीतरी भलतंच सांगत होत्या. रोज थोडं चाला, दुखलं तरी थोडं चाला. हातापायांचे हलके व्यायाम करा. झोपेची वेळ मोडू नका. रात्री ही एक छोटी गोळी. दुखणं पूर्ण जाणार नाही, पण थोडं जाईल, आणि उरलेलं तुमच्या ताब्यात येईल. महिने लागतील.

कंगवाताई चक्रावली. पूर्ण बरं करणार नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगणारा डॉक्टर तिने जन्मात पाहिला नव्हता. शिवाय अंग हलवलं की दुखतं म्हणून हिच्याकडे जावं, तर ही म्हणते दुखणं कमी व्हायला अंग हलवा. गोळीने तोंडाला कोरड पडली, सकाळी डोळे उघडेनात, आणि त्या तारेत एका बाईची कपाळावरची बट जरा जास्तच वर गेली. बाई भली होती, पण घरी जाताना डोक्यावर रुमाल बांधून गेली. कंगवाताईने गोळी सोडली. मॅडमना सांगायला मात्र ती गेली नाही, कारण सांगायचं काय, हेच तिला ठरवता येईना.

इकडे खुर्चीतून सल्ल्यांचा मारा चालूच होता. एकीने सांगितलं थंड पाण्याने अंघोळ कर, दुसरीने सांगितलं थंड पाण्याला हातही लावू नकोस. तिसरीच्या भावाने लोहचुंबक बसवलेली गादी आणली होती आणि तो म्हणे तिच्यावर झोपून टुणटुणीत झाला होता. कंगवाताई मुद्दाम गादी बघायला गेली, तर भाऊ जमिनीवर झोपलेला. औषधाच्या दुकानातला माणूस तर लाल देऊ की पांढरी एवढंच विचारून गोळ्या काढून द्यायचा. त्यांनी ठणका जरा दबे आणि पोटात आग पडे. मग पोटासाठी वेगळी गोळी. तिने सगळंच थोडंथोडं करून पाहिलं, आणि सगळं एकदम केल्यामुळे कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, हेही कळायची सोय राहिली नाही. रोज सकाळी उठून आज कोणाचं ऐकायचं, हाच तिचा पहिला विचार असे.

अशात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. जीव लावणारी बाई, पण जीव लावायची पद्धत अशी की समोरच्याला नको म्हणायला तोंडच राहू नये. त्यांचे गुडघे कित्येक वर्षं धरलेले. कठड्याला लटकून एकेक पायरी चढायच्या. त्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या त्या हसतच, आणि दमही लागलेला नव्हता.

“वन्सं, लिफ्ट चालू झाली का?” लिफ्टवाल्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद, ही गल्लीची जुनी थट्टा होती.

“कसली चालू होतेय. जिन्याने आले,” वन्सं म्हणाल्या, आणि आपल्याच गुडघ्यांवर चापट मारून दाखवली.

मग त्यांनी पर्समधून कागदाच्या पुड्या काढल्या. आत मातकट भुकटी. शहराच्या पार टोकाला कोणी पुडीवाले काका होते, त्यांच्याकडची. काका तपासत नाहीत, काही विचारत नाहीत, कुठे दुखतं एवढंच ऐकतात आणि पुड्या बांधतात.

“पण यात असतं काय?” कंगवाताईने विचारलं.

“झाडपाला गं. औषध नाही काही. साधी पुडी आहे. सकाळी एक घ्यायची आणि कामाला लागायचं.”

पुढचा सगळा घोळ या ‘साधी’ने केला. त्या घरात औषध कशाला म्हणत, तर जे डॉक्टर लिहून देतो, जे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि ज्याची थोडी भीती वाटते त्याला. घरच्या माणसाने प्रेमाने तळहातावर ठेवलेली वस्तू औषधात धरत नसत. तेल औषध नव्हे, कोणी दिलेला पाल्याचा रस औषध नव्हे, लाल-पांढरी गोळीसुद्धा जेमतेमच औषध. पुडी तर नव्हेच नव्हे.

आणि गुण आला. दोन-तीन दिवसांत असा आला की तिचा तिलाच विश्वास बसेना. सकाळी ती उठली आणि उठून बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उठलो आहोत. त्या दिवशी कंबरेपर्यंत केस असलेल्या एका मुलीचं डोकं तिने एकदाही हात खाली न घेता वाळवलं. मुलगी गेल्यावर पडद्याआड जाऊन ती ढसाढसा रडली. इतका आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे तिने नवऱ्याला सांगितलंही.

खुर्चीतल्या बायकांनाही फरक दिसला. “अंगाला लागलंय हं ताई. गाल बघ कसे वर आलेत.” नवऱ्याने दुजोरा दिला. दुखण्याने ओढलेला चेहरा भरला, गोल झाला, त्यावर लाली आली. तब्येत सुधारली याला आणखी काय पुरावा हवा होता? दिवसभर ती आरशासमोर उभी असायची, पण आरशात ती बघायची गिऱ्हाइकाचं डोकं. स्वतःकडे तिने फारसं पाहिलंच नाही.

आता अशी वस्तू हाताला लागल्यावर माणूस ती एकट्याजवळ ठेवील का? तिच्याकडे केस कापायला गणिताच्या बाई यायच्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलेलं होतं, कंगवाताईलाही. निवृत्त होऊनही त्यांचा दरारा असा की त्या दुकानात शिरल्या की बाकड्यावरच्या बायका पाय खाली घेऊन बसत. बाई एकट्याच राहायच्या. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले, आणि कपड्याची बटणं लावायला त्यांना रोज शेजारच्या घराची बेल वाजवावी लागे. एवढ्या कडक बाईंना त्याची किती लाज वाटे, हे फक्त कंगवाताईला माहीत होतं. खुर्चीत बसल्यावर तेवढं एकच दुःख त्या बोलायच्या. साखरेचा आजारही होता, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. तो त्यांच्या ताब्यात होता.

“बाई, माझ्याकडे एक साधी पुडी आहे,” कंगवाताई म्हणाली. “औषध नाही काही.”

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या स्वतः बटणं लावून. गळ्यापासून खालपर्यंत सगळी, एकही चुकलेलं नाही. आरशात तिच्याकडे बघून म्हणाल्या, “शाळेत मी तुला कधी गुण दिले नाहीत. तू मात्र मला गुण दिलास.” कंगवाताई शाळकरी मुलीसारखी लाजली. त्यानंतर वन्संकडून ती दोघींच्या पुड्या मागवू लागली, आणि बाई महिनाभरासाठी भाचीकडे निघाल्या तेव्हा तिने त्यांना भरपूर बांधून दिल्या.

सगळं उलटलं ते एका चटक्याने. केस सरळ करायचा गरम चिमटा मनगटाला लागला. तो तर धंद्यातला रोजचा प्रकार, पण या वेळी जखम भरेचना. वर हातापायांवर कुठेही टेकलं की निळे डाग. शेवटी मान खाली घालून ती मॅडमकडे गेली.

मॅडमनी जखम पाहिली, डाग पाहिले, आणि मग बराच वेळ तिचा चेहराच बघत राहिल्या.

“औषधं काय काय चालू आहेत?”

“काहीच नाही.”

ती खोटं बोलत नव्हती. तिने मनाशी सगळं आठवून पाहिलं होतं आणि औषध असं खरंच काही चालू नव्हतं.

“मी दिलेली रात्रीची गोळी?”

“सोडली.”

“चेहरा असा कधीपासून आहे?”

“हो ना. तब्येत सुधारलीय,” ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बरं, औषधाचं राहू द्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडातून पोटात काय काय जातं, ते ओळीने सांगा. पाणीसुद्धा सोडू नका.”

तिने पाण्यापासून सुरुवात केली आणि पाण्याबरोबर पुडी आली. पर्समध्ये होत्याच, तिने काढून टेबलावर ठेवल्या. मॅडमनी एक उलगडली, वास घेतला.

“नुसतं बघून यात काय आहे ते मलाही सांगता येणार नाही. पण तुमचा चेहरा, ही जखम आणि एवढ्या झटपट आलेला गुण, यावरून मला संशय आहे. यात स्टेरॉइड मिसळलेलं असावं. कदाचित दुखणं दाबणारं आणखीही काही. रक्त तपासू.”

रक्तात जे निघालं ते मॅडमनी तिला दोनदा समजावलं. शरीर असलं स्टेरॉइड रोज आपलं आपण थोडं बनवतं, ते बनवायचं तिच्या शरीराने जवळजवळ सोडून दिलं होतं. आयतं मिळत होतं, तर ते कशाला बनवेल. साखर वाढलेली, ब्लडप्रेशर वाढलेलं. गाल वर आले होते तेही त्यानेच.

“मग आजपासून बंद,” कंगवाताई म्हणाली. निदान एक गोष्ट तरी सरळ कळली होती.

“एकदम बंद करायचं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे?”

“एकदम थांबलात तर चक्कर येऊन पडाल. जिवावरही बेतू शकतं. पुडीच्या जागी मी त्याच जातीची मोजलेली गोळी देते. ती हळूहळू कमी करत नेऊ.”

ती मॅडमच्या तोंडाकडे बघतच राहिली. “म्हणजे ते वाईट आहे.”

“तुम्हाला, हो.”

“आणि मी तेच घ्यायचं.”

“मोजून. माझ्या देखरेखीखाली. कमी कमी करत.”

“आणि वाईट आहे तर ते औषधाच्या दुकानात कसं मिळतं?”

“कारण काही आजारांत ते जीव वाचवतं. तुमच्या आजारात त्याचं काम नाही.”

कंगवाताईच्या डोक्याचा पार भुगा झाला. विष म्हणावं तर डॉक्टरच देतेय, औषध म्हणावं तर डॉक्टरच काढून घेतेय. मग तिने एकेक करून सगळंच विचारायला घेतलं. शेक चालेल? चालेल, चटका बसू देऊ नका. तेल? लावा, पिऊ नका. मालिश? हलक्या हाताची, मान मोडून घ्यायची नाही. चुंबकाची गादी? मॅडम म्हणाल्या, ज्याच्याकडे आहे त्याला झोपू दे, तुम्ही घेऊ नका.

“आणि कोणी नवीन काही आणून दिलं तर? मला कसं कळायचं हो?”

“देणाऱ्याला विचारा, यात काय आहे. त्याला सांगता आलं नाही तर तोंडात घालू नका. सांगता आलं तरी आधी मला दाखवा. आणि सगळं दुखणं जाईल असं जो म्हणेल त्याच्यापासून जरा लांबच राहा.”

“तुम्ही तर म्हणता काहीच जाणार नाही.”

“काहीच नाही असं मी म्हटलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “थोडं जाईल म्हटलं होतं. तुम्ही गोळी सोडलीत आणि मला सांगायलाही आला नाहीत. मानवत नाही म्हणाला असतात तर बदलून दिली असती.”

पुड्या मॅडमनी ठेवून घेतल्या. निघताना त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी घेतं का? कंगवाताईने वन्संचं सांगितलं. बाई आठवल्या त्या रस्त्यावर आल्यावर. बाई घरातल्या नव्हत्या, म्हणून त्या प्रश्नात बसल्याच नव्हत्या. ती तशीच बाईंच्या घरी गेली. दाराला कुलूप. भाचीचा पत्ता शेजाऱ्यांनाही माहीत नव्हता आणि बाईंचा फोन म्हणजे घरात भिंतीला टांगलेला. कुलपासमोर उभी राहून तिने तोच फोन लावला आणि आत वाजतो का ते ऐकत राहिली, इतकं तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. बहिणीला त्याने दोष दिला नाही, बायकोलाही नाही. मग म्हणाला, “दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आम्हीही तेच करतो. ब्रेक जरा सोडायचा, परत धरायचा. हाताने. एकदम सोडला तर संपलं.”

“मी लिफ्ट नाहीये,” ती म्हणाली.

“नाहीस,” तो म्हणाला. “असतीस तर बिघाड मला सापडला असता.” आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला असं तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे उलट तिलाच त्याची समजूत काढत बसावं लागलं.

वन्सं मात्र चिडल्या. चिडण्याआधी दुखावल्या. “म्हणजे मी तुला विष चारलं?”

“तसं नाही हो वन्सं. तुम्हीही एकदा तपासून घ्या. मी येते बरोबर.”

“मला गुण आलाय.”

“मलाही आला होता.”

“मग?” वन्सं म्हणाल्या.

वन्सं निघाल्या. जिन्यावरून त्यांची पावलं पटापट खाली जाताना ऐकू येत होती, आणि कंगवाताईला त्या पावलांचा हेवा वाटला. काळजी वाटायला हवी होती, तीही वाटली, पण आधी हेवा वाटला.

कारण गोळी कमी होत गेली तसं दुखणं आपल्या घरी परत आल्यासारखं परत आलं. आज खांदा, उद्या कंबर. ती चालत होती, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग दोन गल्ल्या पुढे. मॅडमनी रात्रीची वेगळी गोळी दिली होती, तिने झोप बरी लागत होती. केस वाळवताना मध्येच हात खाली घ्यायला ती शिकली होती आणि गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं, की आता वेळ लागेल. पण खरं सांगायचं तर गुण म्हणावा असा काही दिसत नव्हता. जे घातक ते दोन दिवसांत हात वर नेतं, आणि जे बिनधोक ते महिना झाला तरी सांगतं थांब. यात शहाणपणाने वागायचं म्हणजे कसं वागायचं? कधी कधी तिला वाटे, पुडी खाऊन दहा वर्षं सुखात जगावं आणि काय व्हायचं ते होऊ दे. मग मनगटावरची जखम दिसे, आणि तेही ठरत नसे.

बाई आल्या त्या एका रिकाम्या दुपारी. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. कंगवाताईने त्यांना खुर्चीत बसवलं, कापड बांधलं, डोकं ओलं केलं, उजवी बाजू कापायला घेतली. कसं सांगायचं ते ती मनात जुळवत होती. मग तिने मान वर केली आणि आरशात पाहिलं. खाली बाईंचा चेहरा, वर तिचा. दोन्ही गोल, दोन्ही लाल, सख्ख्या बहिणींचे असावेत तसे. तिची कात्री थांबली.

“साखर चढलीय बघ माझी,” बाई सांगत होत्या. “तिकडच्या डॉक्टरांनी मला झापलं. म्हणे चोरून गोड खाता. आजवर मला कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं गं.”

“तुम्ही त्यांना पुडीचं सांगितलंत?”

“त्यांनी औषधं विचारली. पुडी कुठे औषध आहे?”

कंगवाताई शेजारच्या खुर्चीत बसली. एवढ्या वर्षांत दुकानात गिऱ्हाईक असताना ती कधी बसली नव्हती. मग तिने सगळं सांगितलं. रक्ताचं, चेहऱ्याचं, साखरेचं, एकदम सोडायचं नाही त्याचं. अर्धवट कापलेल्या केसांनी बाई ऐकत होत्या. कापडाखालून त्यांनी हात बाहेर काढले. बोटं मिटली, उघडली.

“मला बटणं लावता येतात गं,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“तू सोडलीस?”

“कमी करतेय. थोडीच गोळी उरलीय आता.”

“दुखतं?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं आणि बोललं असतं तर बाईंच्या भल्याचंच होतं. पण एकदा भल्यासाठी म्हणून जे दिलं ते समोर बसलं होतं. “दुखतं,” ती म्हणाली. “पहिल्यासारखंच. झोप तेवढी लागते.”

“मग मी का सोडू?”

शाळेत बाई असंच विचारायच्या, फळ्याजवळ उभं करून. पण तेव्हा उत्तर त्यांना माहीत असायचं. आता दोघींनाही माहीत नव्हतं.

“ते मला नाही सांगता येत, बाई. त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि ते मी तुम्हाला दिलं, एवढंच मला कळतं.”

बाईंनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी मांडीवर घेतली. आतून उरलेल्या पुड्या काढल्या, एका रुमालात नीट बांधलेल्या, आणि तिच्यापुढे धरल्या. “या तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिल्या तर डॉक्टर काहीही म्हणू देत, मी उद्या सकाळी घेईन.”

कंगवाताईने हात पुढे केला. सकाळपासून तिचा खांदा पेटलेला होता. रुमालाला काही वजनच नव्हतं. यातली एक, फक्त उद्याच्या दिवसापुरती, आणि हात वर जातील. कोणाला कळणारही नाही. तिने रुमाल परत बाईंच्या मांडीवर ठेवला.

“माझ्याकडे नकोत, बाई. मीही घेईन.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. आरशात नव्हे, मान वळवून, तिच्याकडे.

“मग टाकून देऊ?”

“नाही. मॅडमना दाखवायला हव्यात. आणि मॅडम सांगेपर्यंत तुम्ही एकदम थांबायचंही नाही.”

“घ्यायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत, ठेवायच्या नाहीत,” बाई म्हणाल्या. “हे कुठलं गणित?”

तिने बाईंच्या गळ्याचं कापड सोडलं. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच, पाणी टपकत होतं, आणि दोघींपैकी कोणालाच थांबून ते सारखे करावेसे वाटले नाहीत. थांबलं की बेत फिरायचा, हे दोघींना एकमेकींबद्दलही ठाऊक होतं आणि स्वतःबद्दलही. बाईंनी आल्यावर काढून ठेवलेला कोट चढवला, बटणं एकेक करून वरपर्यंत लावली. त्यांना त्याला बराच वेळ लागला आणि कंगवाताईने मदतीला हात पुढे केला नाही. मग रुमाल पिशवीत गेला. पिशवीत दुसरं काही नव्हतं, पण तिचा एक बंद बाईंनी धरला आणि एक तिने, आणि दवाखाना येईपर्यंत कोणीच आपला बंद सोडला नाही.